शेवंतीवहिनींच्या बारा पुड्या

कांजूरमार्गच्या पुलाचा जिना चढून झाला तेव्हा पिशवीत नऊ पुड्या जमल्या होत्या. शेवंतीवहिनी कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. डोळ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा घामाने सारखा नाकावरून घसरत होता.

"कुंदा, परत मोज गो."

"आत्ताच मोजल्या, वहिनी. नऊच आहेत. पुलावर काय वाढणार आहेत?"

"कमी व्हायला नकोत."

सकाळी आठला दोघी निघाल्या होत्या. मे महिन्यातला शनिवार. साडेदहालाच पुलाचे गज हाताला पोळत होते. कुंदाने रिक्षाचं दोनदा सुचवलं होतं. पण वहिनींना घरांचे पत्ते ठाऊक नव्हते. त्यांना चालतानाच आठवायचं. इथे पिंपळ, इथे पिठाची गिरणी, मग डावीकडे निळं दार. रिक्षातून ते सापडत नव्हतं. कुंदा एका शाळेच्या ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली होती. नाव नाही, पत्ता नाही, नुसतं निळं दार, हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. तरी शेजारधर्म म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन बरोबर चालली होती.

वहिनी माणसं ओळखायच्या ती चेहऱ्याच्या कातडीवरून. "नाकाला तेल सुटतं ती," "हनुवटीवर पुटकुळ्यांची रांग आहे ती," "फोडून फोडून गालाला खड्डे केलेत तो." नावगाव नंतर.

हे ज्ञान त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. नवरा दत्ताराम ज्या कापडगिरणीत होता ती बंद पडली तेव्हा त्या मुलुंडच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात कामाला लागल्या. मालकाला सगळे अण्णा म्हणत. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून औषधं निवडायची, कुटायची, सुती फडक्यातून चाळायची. वस्त्रगाळ पूड म्हणजे बोटांत धरली तर कळू नये अशी. हे काम सोळा वर्षं केलं. मुलगा राजेश वयात आला आणि त्याच्या तोंडावर मोहरी फुटल्यासारख्या पुटकुळ्या आल्या, तेव्हा त्यांनी अण्णांना विचारून पहिला लेप केला. मसुराची डाळ, संत्र्याची वाळकी साल, आंबेहळद, वाळा, सावलीत सुकवलेला कडुलिंब. हे सगळं दळून, चाळून, मग त्यात मुलतानी माती. दुकान बंद झालं, अण्णा गेले, दत्ताराम गेले. लेप राहिला.

पैसे त्या घेत नसत. थंडीत संत्री निघाली की साली सुकवून आणून द्यायच्या, एवढाच नियम. डिसेंबरात त्यांच्या खोलीबाहेर सालींनी भरलेल्या पिशव्या टांगलेल्या असत. आणि लेपाबरोबर सूचना मिळत, त्या पण फुकट.

"अर्धा सुकला की धुवायचा. खडखडीत होईपर्यंत थांबायचं नाही, तोंड काय भिंत आहे गिलावा करायला? चोळायचा नाही. लिंबू पिळायचं नाही, पिळलंस आणि उन्हात गेलीस तर माझ्याकडे येऊ नको. दहादा साबणाने तोंड धुतलंस तर तेल दहादा येणार. आणि डाग? डागाला माझ्याकडे औषध नाही बाय. पुटकुळी फोडायची नाही आणि सहा महिने आरशात कमी बघायचं."

कुंदाच्या मुलीने हे सगळं अकरावीत ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा निवळला होता. लेपाने की वयाने, ते कुंदाने कधी विचारलं नाही.

नवीन पूड झाली की वहिनी आधी स्वतःच्या तोंडाला लावत. रात्र जाऊ देत. सकाळी देवाला हात जोडायचे, आरशात बघायचं, मगच पुड्या बांधायच्या. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

या वेळी चुकलं.

एप्रिलच्या शेवटी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडावर पाणी घ्यायचं नाही, काही लावायचं नाही, धुळीत जायचं नाही. म्हणजे गिरणीत जाणंही बंद. लेपातली हळकुंडं पिठाच्या जात्यावर कोणी घेत नाही, ती मसाल्याच्या यंत्रावर द्यावी लागतात. आणि मे महिन्यात त्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ मिरच्याच चालू असतात, कोकणातल्या माणसांचा वर्षाचा मसाला. म्हणून वहिनी दर वेळी शेरभर जाडे तांदूळ वेगळे नेत. आधी ते दळायचे, लालसर पीठ निघेल ते टाकायचं, पुन्हा मूठभर घालायचे, पांढरं निघालं की मग आपला जिन्नस. त्या शेजारी उभ्या राहून हे करून घेत.

या वेळी सोमवारी राजेश गेला. हातात लेपाचा डबा आणि तांदळाची पिशवी. बेचाळीस वर्षांचा माणूस, कुरियर कंपनीत सुपरवायझर. त्याला वाटलं तांदूळ पण लेपातलेच. त्याने दोन्ही एकत्र ओतले आणि फोनवर बोलत बाहेर उभा राहिला. यंत्रात अडकलेली सगळी मिरची तांदळाबरोबर निघाली आणि लेपात बसली.

पूड घरी आली ती नेहमीपेक्षा लाल दिसली. पण ऑपरेशननंतर वहिनींना सगळंच भडक दिसत होतं. निळी बादली इतकी निळी आहे हे त्यांना नव्याने कळलं होतं. नाकातोंडाला ओढणी बांधून, चष्मा लावून त्यांनी ती चाळली. लाली नव्या डोळ्याची असेल असं त्यांनी धरलं आणि बारा पुड्या बांधल्या.

शुक्रवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरची प्रांजल, एकोणीस वर्षांची, तोंड धरून किंचाळत आली. धुतलं, ताक लावलं, बर्फ लावला, डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांत काही गेलं नव्हतं हे नशीब. चार-पाच दिवसांत उतरेल, डॉक्टर म्हणाले. प्रांजलच्या आईने दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." वहिनींनी तिच्यासमोरच चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. मग राजेशला विचारलं, तांदूळ कुठे आहेत?

राजेश म्हणाला, "गिरणीवाल्याचं नाव सांग ना सगळ्यांना. त्याने मशीन साफ केली नाही, आपण काय करणार?"

"मशीन साफ करायला तांदूळ होते. ते तू लेपात घातलेस."

"मग तू सांगायचं ना, आई!"

"होय. ते मी सांगितलं नाही."

एवढंच झालं. सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या.

पूल उतरून दोघी पश्चिमेला आल्या आणि भांडुपच्या दिशेने चालायला लागल्या. दहावी पुडी तिसऱ्या माळ्यावर होती. दार उंच, धिप्पाड चैतन्यने उघडलं. वहिनींना बघून त्याने दार अर्धं लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काय काकी, इकडे कुठे?"

"बुधवारी नेलास तो लेप परत दे."

"माझा नाहीये तो. ताईसाठी नेला होता."

"ताई सासरी नाशकात असते ना रे तुझी?" कुंदाने विचारलं.

आतून म्हातारीचा आवाज आला, "चैत्या, तोच ना, तू फ्रीजच्या मागे लपवलायस तो?"

चैतन्य आत गेला आणि पुडी घेऊन आला. न उघडलेली. वहिनींनी ती पिशवीत टाकली, त्याच्या गालाकडे मान वाकडी करून बघितलं. "दाढीचं ब्लेड बदल. अर्धे फोड त्याचेच आहेत." तो हसला आणि ते हसू लपवायला खोकला.

अकरावी पुडी मिळता मिळेना. बाईने पूड डब्यात ओतून ठेवली होती आणि ती सोडायला तयार नव्हती.

"मला नाही हो काही होत. माझी स्किन स्ट्राँग आहे."

"मिरची आहे त्यात."

"थोडीशीच असेल ना? एवढं उन्हातान्हाचं परत मागत फिरताय, म्हणजे दुसऱ्या कुणाला द्यायची असेल. सरळ सांगा ना तसं."

कुंदाचा पारा चढला. वहिनींनी मात्र शांतपणे डब्यात बोट बुडवलं आणि बाईसमोर धरलं. "चाट."

बाईने चाटलं. पाण्याचा तांब्या संपल्यावर तिने डबा आपण होऊन पिशवीत रिकामा केला.

परत येताना उन्हाने डांबर मऊ झालं होतं. एका दुकानाच्या पायरीवर दोघी बसल्या. कुंदाने बाटली पुढे केली.

"आता बारावी कुठे?"

वहिनींनी दोन घोट पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "ती कुणाला दिली ते माहीत नाही."

"म्हणजे?"

"गुरुवारी दत्ताच्या देवळात आरतीच्या रांगेत पुढे एक पोरगी होती. कपाळ तेलाने चमकत होतं, डाव्या गालावर दोन काळे डाग, वरचा ताजा. केस कुरळे. पिशवीत एक पुडी उरली होती. म्हटलं घे. ती पाया पडली माझ्या. नाव विचारायचं राहिलं, आरती सुरू झाली."

"आपल्या इथली होती?"

"आधी बघितली नाही. कुणाच्या घरी पाहुणी आली असेल, नाहीतर भाड्याने राहायला."

कुंदाने फोन काढला. "थांबा, महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकते."

"ती ग्रुपवर कशी असेल गो? तिला कोण ओळखतं?"

हे खरं होतं. कुंदाने फोन परत पर्समध्ये ठेवला. दोन दिवस झाले होते. त्या मुलीने लेप लावला असेल, किंवा आज संध्याकाळी लावेल, किंवा उद्या रविवार म्हणून सवडीने. वहिनी उठल्या. परतीच्या पुलावर त्या एकदाही थांबल्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या गालाकडे बघत चालल्या. दोघीतिघींनी ओढणी सारखी केली.

दत्ताच्या देवळाशी आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते, दार बंद होतं. वहिनींनी चपला काढून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. कुंदाने पण हात जोडले. ती मुलगी नीट असू दे, एवढंच मागितलं.

दाराशेजारी देवळाच्या मंडळाचा फळा होता. अक्षर वळणदार म्हणून मंडळाने कुंदाला धरलं होतं, नऊ वर्षं रोज सकाळी तीच त्यावर तिथी आणि सुविचार लिहायची. संध्याकाळी आरतीला येणारा प्रत्येक माणूस चपला काढताना तो वाचायचा. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना जोडाक्षरं जड जात, तरी त्यांनी सगळा वाचला.

"आरतीच्या आधी हे पुसशील?"

कुंदाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "पुसते. असं लिहिते, 'गुरुवारी मंदिरात लेपाची पुडी मिळालेल्या भगिनीने ती वापरू नये.' नाव नको, वहिनी. तिला कळायचं ते कळेल. उगाच सगळ्या वस्तीत चर्चा कशाला? राजेशला पण आवडणार नाही."

"निनावी वाचून कोण थांबतं? माझं नाव नसेल तर ती परत द्यायला कुणाकडे येणार? आणि तोंड भाजलं असेल तर बोलायला कुणाकडे जाणार?"

"पुढे कोणी लेप घेणार नाही तुमच्याकडून."

"नाही घेणार."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. चष्मा काढून पदराने काच पुसली, पुन्हा लावला. कोनाड्यातला खडू उचलून कुंदाच्या हातात दिला.

"माझं नाव पूर्ण लिही. शेवंती दत्ताराम घाडी, देवळामागची चाळ, तिसरा माळा, खोली तीनशे सात. राजेशचं घालू नको, गिरणीवाल्याचं पण नको. आणि कुंदा, तुझ्या चांगल्या भाषेत 'चुकून' असं लिहू नको हां. 'न तपासता दिली' असं लिही."