धनराजरावांची घसरगुंडी

धनराज आहेर हिमालयात दोनदा गेले आणि परत एकदाही आले नाहीत, असं त्यांच्या बायकोचं, कुसाबाईचं, ठाम मत होतं. देह तेवढा गोविंदनगरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर असायचा. तोंड कायम बर्फात. गॅसवाला येवो, व्याही येवोत, सोसायटीचा सेक्रेटरी येवो, पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत धनराजराव त्याला औलीच्या बर्फात नेऊन उभं करायचे. "वर पोचलो तेव्हा वारा असा, की कान गळून हातात येतील!" इथून गाडी सुटायची. मग ते पायाला फळ्या बांधून डोंगरावरून कसे सुटले, शिकवणारा कसा थक्क झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी मनालीहून लेहला सायकल कशी मारली. सायकलचं निघालं की ऐकणाऱ्याने जेवूनच जावं.

लोक हॉलमध्ये देवाची नाहीतर आईबापाची तसबीर लावतात. यांनी जुन्या बाजारातून आणलेल्या बर्फावरच्या फळ्या टांगल्या होत्या. नाशकात बर्फ पडतो तो उसाच्या रसात. फळ्यांबरोबर आलेल्या एका काठीने कुसाबाई जळमटं काढायची.

"अगं, तो स्कीइंगचा पोल आहे!" धनराजराव कळवळायचे.

"मग? कोपऱ्यापर्यंत छान पोचतो."

माणूस मूळचा देवळ्याचा, विमा कंपनीत अधिकारी झालेला. सायखेड्याची कुसाबाई लग्न करून नाशकात आणली आणि ऑफिसातल्या लोकांपुढे शोभावी म्हणून तिची कुसुम केली. दोघांत पहिली घसरगुंडी तिथेच झाली, असं ती म्हणायची.

औली तिलाही आठवायची, पण तिची औली वेगळी होती. हे गेले आणि इकडे सासू, लंकाबाई, न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. मुलगा हर्षल तेव्हा शाळेत. कुसाबाई डबा करायची, दवाखान्यात पळायची, सासूला भांडं द्यायची, कुशीवर वळवायची. म्हातारी कण्हत एकच विचारायची, "मना धनू कोठे शे?" आणि एकदा वैतागून कुसाबाई म्हणाली, "बर्फावर घसरगुंडी खेळायला गेलाय." त्या दुखण्यातही म्हातारी खुदकन हसली. तेव्हापासून या घरात स्कीइंगला दुसरं नाव राहिलं नाही.

घसरगुंडीवाले परत आले ते गुडघा मुरगळून. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! एका खाटेवर आई, दुसऱ्या खाटेवर लेक, आणि लेकाचं तोंड अखंड चालू. सायकलीच्या वेळी कुसाबाईचंच ऑपरेशन होतं, गर्भपिशवीचं. डॉक्टर म्हणाले लांबवू नका, आणि हे म्हणाले ग्रुपचं बुकिंग झालंय. उशाशी बसायला सायखेड्याहून बहीण फुलाबाई आली. नवरा आला तो जर्दाळू घेऊन, सोललेलं नाक मिरवत. ती काही बोलायला गेली की ठरलेलं वाक्य, "तुला नाही कळायचं. तू नव्हतीस ना तिथे!"

आणि तू कुठे होतीस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कुसाबाईला तेवढंच हवं होतं. आपणहून सांगणं तिच्या ताठ्यात बसत नव्हतं. विचारतील कधीतरी, या आशेवर तिने शेकडो वेळा औली ऐकली, पोळ्या लाटता लाटता, दात ओठ खात.

मग दोनेक वर्षांपूर्वी धनराजराव विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव. एकदा सायकल घेऊन त्र्यंबक रस्त्याला गेले आणि घर कुठल्या दिशेला हेच आठवेना. हर्षलने सायकलला कुलूप घातलं. औलीच्या आणि सायकलच्या गोष्टींनाही भोकं पडली. "आणि मग रोहतांगला... रोहतांगला..." अशी गाडी अडली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पंक्चर!" कुसाबाईला सगळं तोंडपाठ होतं. नको असलेलं सामान माळा भरून असावं, तसं ते तिच्याकडे पडून होतं.

गेल्या रविवारी समर्थ आला, इथल्या सायकल क्लबचा अध्यक्ष. क्लब ज्येष्ठ सायकलपटूंचा सत्कार करणार होता. त्याआधी काकांच्या आठवणी मोबाइलवर घ्यायच्या होत्या. धनराजरावांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. कुसाबाईने चहा ठेवला आणि मनात म्हणाली, चला, बसा बर्फात.

सुरुवात झकास झाली. कान गळून हातात आले, फळ्या बांधून झाल्या. आणि मग धनराजराव म्हणाले, "कुसुम माझ्या मागेच होती. पडली बर्फात. मीच उचललं तिला."

समर्थ उडालाच. "काकू, तुम्ही पण होतात?"

ट्रे हातात घेऊन कुसाबाई दारात थबकली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं नव्हतीस म्हणून तोंड बंद केलं, आणि आता फुकट नेऊन बर्फात पाडलं! म्हणजे दवाखान्यातली ती बाई गेलीच पुसून.

"मी नव्हते," ती म्हणाली.

धनराजराव गोंधळले. "नव्हतीस? मग कुठे होतीस?"

अखेर विचारलं. कुसाबाईने ट्रे टेबलावर आदळला, खुर्ची ओढली आणि सांगितलं. न्हाणीघर सांगितलं, भांडं सांगितलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकटीने केलेली सही सांगितली. समर्थने मोबाइल केव्हाच खिशात घातला होता. धनराजराव मात्र मन लावून ऐकत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी तिचं इतकं ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"फार सोसलंत हो बाई तुम्ही," ते म्हणाले. "आणि तुमचे मिस्टर कुठे होते त्या वेळी?"

समर्थने मान खाली घातली. कुसाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे कावा नव्हता, थट्टा नव्हती. अनोळखी बाईबद्दल वाटावी तशी खरी कणव होती.

"घसरगुंडी खेळायला गेले होते," ती म्हणाली.

"नालायकच म्हणायचा!" धनराजराव संतापले.

"होताच." तिला हसू फुटलं आणि पदर डोळ्यांना लावावा लागला. "पण गोष्टी फार छान सांगायचा."

"असं? मग सांगा की एखादी."

चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला करून कुसाबाईने कप त्यांच्या हातात दिला.

"औलीला वर पोचला तेव्हा वारा असा, की कान गळून हातात येतील," तिने सुरुवात केली, "आणि त्याच सकाळी इकडे त्याची आई न्हाणीघरात पडली."