एकच धावपट्टी

मुलांच्या माहितीकोशासाठी मी छोट्या देशांच्या नोंदी लिहिते. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी सिना अशाच एका बेटावरच्या देशातून पुण्यात शिकायला आलेली. तिच्या देशाची नोंद मी तिला वाचून दाखवली. सैन्य नाही, रेल्वे नाही, विमानांसाठी धावपट्टी एकच, संरक्षणाची जबाबदारी शेजारच्या मोठ्या देशाकडे. "बरोबर आहे, काकू," ती हसून म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात तिची आई गेली. बेटावर जाणारं विमान आदल्या दिवशी निघून गेलं होतं आणि पुढचं लवकर नव्हतं. मग आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने फोनवरच आईचा अंत्यविधी पाहिला. सगळं बेट लोटलं होतं. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं समुद्राच्या कडेने चालली होती. एवढ्याशा देशात वारलेलं माणूस सगळ्यांचंच असतं. एकमेकांना धरून रडायला सगळे असतात. फक्त लांब राहिलेल्याला एकट्याने रडावं लागतं.

मध्येच चित्र थांबलं. मी तिच्यापुढे चहा ठेवला.

"घरचा फोन आईच उचलायची, काकू," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "आता मी कुणाला फोन करू?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.