शेजारच्या खुर्चीतल्या काकू

साउथहॅम्प्टनच्या एका छोट्या थिएटरमध्ये रविवारी दुपारी जुना कृष्णधवल फ्रेंच सिनेमा लागला होता. मी एकटीच गेले होते. शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, साडीवर जाडजूड जॅकेट घालून. माझा फोन वाजला, मी "अगं, नंतर करते" म्हणून तो बंद केला आणि माझं मराठीपण उघडं पडलं.

"चिवडा घ्या," त्या कुजबुजल्या. मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे दोघं नवरा-बायको का हो?"

"नाही."

"तरीच! केवढं बोलतायत एकमेकांशी."

पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनी रागाने मागे बघितलं. काकूंनी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मुकाट्याने मूठभर चिवडा घेतला.

पडद्यावर नायिका युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या पहिल्या प्रियकराबद्दल सांगायला लागली. आपण त्याला विसरत चाललोय, म्हणून ती रडत होती. काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि तो शेवटपर्यंत उघडला नाही.

बाहेर बसस्टॉपवर त्या म्हणाल्या, "खरं आहे बाई तिचं. आमच्या ह्यांचं घोरणं अजून जसंच्या तसं ऐकू येतं. पण मला हाक कशी मारायचे, ते काही केल्या आठवत नाही." आणि स्वतःच हसल्या. "ठेवून काय गेले, तर घोरणं!"

बस आली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी पोचले तर नवरा हीटिंग चालू राहिल्यावरून कुरकुरत होता. एरवी मी त्याला मध्येच तोडते. आज समोर बसून सगळं ऐकून घेतलं.

तो दचकून थांबला. "काय गं, बरं वाटत नाहीये का?"