आलेखातून वजा झालेला सुनील

मंडळी, आज मला माझ्याच कामाची चीड आलीय.

सुरतच्या पांडेसरा भागातल्या एका खानावळीतून जुलाबाची साथ पसरलीय. ती किती वाढेल, याचं गणित मी मांडते. आज आलेख खाली आला. साहेब खूश, "चला, आटोक्यात आलं!"

खानावळवाल्या मावशींना विचारलं, "आजारी पोरं बरी झाली का?"

"कुठली बरी? गावी धाडली. इथं त्यांचं कोण करणार?"

सुरत सोडली की माणूस माझ्या गणितातून वजा होतो.

संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. "शेजारचा सुनील आलाय सुरतहून. पोट बिघडलंय त्याचं, तरी बहिणीच्या हळदीत पंगतीला तोच वाढत होता. आम्ही आत्ताच जेवून आलो."

सुनील त्याच खानावळीत जेवायचा. सकाळी मीच त्याला वजा केलं होतं.

आता आईला कुठल्या गणितात धरू, सांगा.