कॅनडाचा आकडा आणि घरची ठंडाई

मुलीला कॅनडात प्रवेश मिळाला तेव्हा पेढे आणायचे सोडून मी मोबाइल घेऊन बसलो. तिकडे गांजा दुकानात मिळतो, तोही कायद्यानं, असं कोणीतरी सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. कोणत्या देशात किती टक्के लोक गांजा घेतात याचे तक्ते मी शोधून काढले. कॅनडा अगदी वरच्या रांगेत. गांजासाठी ज्या नेदरलँड्सच्या नावानं सगळे बोटं मोडतात, तो त्याच्या खाली. आणि आपला भारत तर पार तळाशी! मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

जेवताना मी जाहीर केलं, "जायचं नाही. हिंगण्याची तुझी नोकरी काय वाईट आहे? कंपनीची बस मनीषनगरात येते, घरासमोर."

मुलगी वरणभात नुसता कालवत राहिली. नोकरी सांभाळून या प्रवेशासाठी ती किती झटली होती, हे मी पाहिलं होतं. पण आकडे माझ्या बाजूनं होते.

बायकोनं तक्ता पाहिला आणि विचारलं, "हे आकडे आणले कसे?"

"लोकायले विचारून."

"कसं विचारून?"

ही शिक्षिका. घरोघरी जाऊन माहिती घ्यायची ड्युटी तिला कितीदा तरी लागलेली. एकदा कळमन्याकडच्या वस्तीत मी तिला गाडीवर घेऊन गेलो होतो. एक गृहस्थ तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं गाल फुगवून सांगत होते, "तंबाखू? आपण हातबी नाही लावत, मॅडम." ही रागावली नाही, हसलीही नाही. शांतपणे म्हणाली, "बरं गा भाऊ, दिवसाले किती पुड्या?" "चार," ते म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. समोरच्याला कमीपणा न देता खरं काढून घ्यायची तिची ही हातोटी मी दुसऱ्या कोणातच पाहिलेली नाही. आज ती माझ्यावर चालणार होती, एवढं मात्र लक्षात आलं नाही.

"समजा मी सर्वेवाली," ती म्हणाली. "नशा करता काय?"

"छट्!"

"होळीले ठंडाईचे किती गिलास?"

"दोन. पण ते भांग आहे वं! प्रसादाले कोणी नशा म्हणते काय?"

"भांग काय तुळशीले येते? गांज्याच्याच झाडाची पानं न ते?"

मुलगी खुदकन हसली. तेवढ्यात हिनं तिच्याकडे वळून त्याच आवाजात विचारलं, "अन् तू वं? कितीदा?"

मुलीचं हसू मावळलं. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकदा. मनालीले, कॉलेजच्या ट्रिपमध्ये. खोकून खोकून मरायची बाकी होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, "ओरडा आता. म्हणजे पुढच्या वेळी पोरगीही छट्‌च म्हणन."

मी तोंड मिटलं. ज्या आकड्याच्या भरवशावर मी पोरीला घरी बसवायला निघालो होतो, त्यात माझंही एक 'छट्' होतं. आणि ही पोर, जाणं रद्द होईल हे दिसत असताना, बापाच्या तोंडावर खरं बोलली होती. मला तिचा फार अभिमान वाटला. तक्त्यातला भारत पाहून वाटला होता त्याहून कितीतरी जास्त.

"व्हिसाचं काय करून राहिली?" मी विचारलं. ती उठून माझ्या गळ्यातच पडली, उष्ट्या हातानं.

यंदाच्या होळीला तिचा तिकडून व्हिडिओ कॉल आला. हाय नाही, हॅलो नाही. "बाबा, किती गिलास?"

"दोन."

"तीन," आतून बायको ओरडली.

मुलगी पोट धरून हसली. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "आता तुमची पाळी, बाबा. विचारा मले. काहीही विचारा."

मी तिच्याकडे पाहिलं. मागे खिडकीत बर्फ होतं, चेहरा थोडा उतरलेला.

"जेवली काय वं?" मी विचारलं.