घरमालकाच्या घरच्या कुरडया

काही माणसांवरचा राग मी लोणच्यासारखा मुरवून ठेवलाय आणि तो कमी व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. त्यात पहिला मान जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरमालकाचा.

त्याच्या घराखालच्या गाळ्यात माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. एका उन्हाळ्यात मालकाच्या मेव्हण्याच्या मनात मोबाइलचं दुकान टाकायचं आलं आणि मालकाच्या डोळ्यांत माझी गिरणी खुपायला लागली. करार संपायला अजून वर्ष होतं. आधी गोडीगुलाबीने सांगून झालं, मग आवाज चढवून. मी हलत नाही म्हटल्यावर एका सकाळी त्याने जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत माझी लाईट बंद केली आणि पेटीला कुलूप ठोकलं.

दिवस तरी कोणता निवडावा! घरोघरी कुरडयांची धांदल. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं आणि मग लगेच दळून चीक काढायचा. ओला गहू दळायचं मशीन आमच्या भागात एकट्या माझ्याकडे. बायका पहाटेच पातेली रांगेत लावून जातात; जिथे पातेलं, तिथे नंबर. फक्त मालकाच्या घरचं पातेलं कायम पहिलं. हा मान मी गाळा घेतल्यापासून पाळत आले होते.

त्या दिवशीही ते पहिलंच होतं. मालकीणबाईंनी, आमच्या अक्कांनी, उजाडताच आणून ठेवलं होतं. मुलीच्या लग्नाच्या कुरडया होत्या. “दयी ठेव व माय, मी संध्याकायले येसू,” म्हणाल्या, दळण माझ्यावर सोपवलं आणि बहिणीला आणायला चोपड्याला गेल्या. त्यांची पाठ वळली आणि नवऱ्याने कुलूप घातलं. घरात गहू कधी भिजला हे त्याला कुठून कळणार? तो स्वयंपाकघरात जायचा तो ताटावर बसायला.

दुपारी तो गिरणीच्या दारात आला. बंद मशीनकडे बघून हसला.

“मंग? कधी खाली करी राह्यनी?”

“करार सरना का करसू, भाऊ.”

“मंग ऱ्हाय अंधारामा.”

वळताना त्याचा पाय पातेल्याला लागला. आंबूस पाणी चपलेवर सांडलं. “आनि हाई सडेल भांडं उचल आठेन!” तो ओरडला.

पातेल्याच्या काठावर त्याचंच नाव कोरलेलं होतं. मी वाचलं. त्याने नाही वाचलं.

सांगितलं असतं तर पेटी तिथल्या तिथे उघडली असती. आणि गहू दळून झाला की पुन्हा कुलूप पडलं असतं. पण खरं सांगायचं तर हा हिशेब मला नंतर सुचला. त्या वेळी मला नुसता आनंद झाला. रांगेतल्या बाकीच्या बायकांना मी कुलूप दाखवलं, पातेली घरी नेऊन गार पाण्यात, सावलीत ठेवायला सांगितलं. त्याचं पातेलं मात्र त्याच्याच हुकुमाप्रमाणे उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं, भर उन्हात. बाकीचं काम जळगावच्या उन्हाने केलं.

संध्याकाळी अक्का आल्या. पातेल्यात हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“हाई काय व? काब्र दयं नही?”

का नाही दळला, ते सांगायला मी पेटीकडे बोट दाखवलं. “तुमना घरनंच कुलूप शे, अक्का.”

अक्का जिना चढून गेल्या. वर जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं आणि ऐकता ऐकताच बायका आपापली पातेली घेऊन पुन्हा रांगेत आल्या. मालक खाली उतरला तो मान खाली घालून. पेटी उघडली. मशीन सुरू झालं. मग त्याने स्वतःचं पातेलं उचललं आणि सवयीने सगळ्यांच्या पुढे आणून ठेवलं.

“भाऊ, नंबर,” मी म्हटलं.

“आमनं पहिलं ऱ्हास.”

“लाईट व्हती तवय ऱ्हाये.”

तो रांगेच्या शेवटी उभा राहिला, पातेलं हातात धरून, भाडेकरणीच्या दारात. मी एकेकीचा गहू सावकाश दळला. त्याची पाळी आली तेव्हा पातेल्याला हात लावायच्या आधी तळहात पुढे केला.

“किल्ली.”

त्याने वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत अक्का उभ्या होत्या. किल्ली माझ्या हातावर पडली, मग मी दळलं. गहू तोवर पार आंबला होता, पण लग्न तोंडावर होतं आणि नवा गहू भिजवायला उसंत नव्हती. अक्कांसाठी वाईट वाटलं. वाटलं, पण पुरेसं नाही.

लग्नाला मी गेले. चांगलं लुगडं नेसून, कमरेला किल्ली खोचून. पंगतीत आम्ही गल्लीतल्या बायका एका ओळीत बसलो होतो. यजमान म्हणून कुरडया वाढायला तोच आला. मला टाळून पुढे जाणं त्याला शक्य नव्हतं. लालसर, मेलेल्या रंगाची कुरडई पानात पडली. मी मोडली, चावली. यजमानाला विचारावंच लागतं, त्यानेही विचारलं, “चांगली शे ना?”

“आंबट शे,” मी सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हटलं. “आखो एक वाढा.”