शिक्षणात खंड पडण्याचं कारण

तुळजापूरच्या स्टँडवर गाडीत बसले होते, तेव्हा मावसभावाचा फोन आला. ‘ताई, आई गेली गं…’ खरंच वाटेना. आदल्याच संध्याकाळी तामलवाडीहून शांतामावशीनं मला फोनवर विचारलं होतं, ‘एम.ए.ला परीक्षा द्यावी लागती, का बी.ए.चे मार्क चालत्यात?’ बघून सांगते, म्हणाले होते मी.

त्याला आता महिना-दीड महिना झाला. आठवतं ते मात्र सगळं हसूच.

बारावी झाली आणि मावशीचं लग्न लागलं. पुढं रान, शेळ्या, लेकरं. मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, तशी एक दिवस जुनी गुणपत्रिका घेऊन माझ्या दारात हजर. ‘मला कॉलेजात जायाचंय. विद्यापीठ घेतं का बघ.’ लोक हसतील, असं काका म्हणाले होते म्हणे. ‘म्हणलं, हसू द्या की, रडत तर न्हाईत!’

मी शाळेत शिकवते, पण प्रवेशाचे नियम मला तरी कुठं ठाऊक? विद्यापीठाची माहितीपुस्तिका आम्ही दोघींनी मिळून वाचली. मावशी प्रत्येक ओळीवर अडायची. ‘पात्रता म्हंजी मला काय येतं ते, का माझ्याकडं कागद काय हैत ते?’ कागदच गं, म्हटलं. बी.ए.ला वयाची अट नव्हती, बारावी कुठल्याही शाखेची चालत होती. पण गुणपत्रिकेवर नाव माहेरचं, म्हणून लग्नाचा दाखला हवा. जुन्या कॉलेजची टी.सी. हवी. आणि मध्ये इतकी वर्षं शिक्षण का थांबलं, त्याचं प्रतिज्ञापत्र.

ते करायला तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडं गेलो. त्यानं न विचारताच टाइप केलं, ‘सदर काळात मी घरीच होते.’ मावशीनं वाचलं.

‘घरीच? आवो दादा, म्या एक दिस घरी बसले न्हाय.’

‘बाई, सगळ्यांचं असंच लिहितो.’

‘सगळ्यांचं लिवा. ह्याच्यावर सही माझी हाय.’

दुसऱ्या दिवशी प्रवेशाची मुदत संपत होती, मागं रांग वाढत होती. ‘जाऊ दे ना मावशी,’ मी म्हटलं. ती हलेना. शेवटी टायपिंगवाला म्हणाला, ‘सांगा, काय लिहू?’

‘लगीन, लेकरं, रान आन् शेळ्या.’

त्यानं टाइप केलं, ‘विवाह, मुलांचे संगोपन, शेती व शेळीपालन.’ मावशीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘आता लई झ्याक!’ रांगेत हशा पिकला आणि मागची एक बाई म्हणाली, ‘माझं बी तसंच लिवा वो.’

दुसऱ्या दिवशी प्रवेश झाला. पुढं गावातल्या पोरींबरोबर एसटीनं जाऊन, त्यांच्याशी मार्कांवरून भांडून, मावशी पदवीधर झाली.

मावशीच्या चौदाव्याला मी गेले, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधणं चाललं होतं. लग्नाकार्यातल्या फोटोंत ती सदा कुणाच्या तरी मागं, पदराआड अर्धी. सरळ समोर बघणारा एकच सापडला, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून आणला. हसू नका, असं फोटोवाल्यानं बजावलं असणार… ओठ घट्ट मिटलेत, पण गाल फुगलेत. हार घालताना सून थबकली. ‘आत्याबाई कॉलेजला निघाल्यावानीच दिसत्यात,’ म्हणाली, आणि चेहरा झाकू नये म्हणून तिनं हार जरा खाली ओढला.